पाळकांच्या खोलीचं दार

सोमवार
आलो एकदाचे! या जुन्या प्रोटेस्टंट चर्चचा नकाशा काढायला पुरातत्त्व खात्याने मला धाडलंय. नवऱ्याच्या शाळेला सुट्टी, म्हणून मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला फुकटचा मदतनीसही मिळालाय. इमारत देखणी आहे. चुन्याच्या कोऱ्या भिंती, उंच व्यासपीठ, साध्या काचा. कुठे मूर्ती नाही की चित्र नाही. माणसं मात्र आंबट तोंडाची. पाळकांनी साधं पाणी विचारलं नाही. या वास्तूचं चित्र काढणं आमच्यात पाप आहे, म्हणाले. नकाशा म्हणजे चित्र नव्हे, असं मी समजावलं, तर सरळ पाठ फिरवली.

मंगळवार
सभागृहाची उत्तरेकडची भिंत पोटात फुगलीय. तिचं एकेक माप घ्यायचा कंटाळा आला, कागदावर सरळच ओढली. नवरा म्हणाला, बाईसाहेब, ही चक्क लबाडी. पायरीवर डबा खात होतो तेव्हा चर्चच्या वडीलमंडळातला एक म्हातारा आमच्याकडे बघून थुंकला. जेवण गोड लागलं नाही.

बुधवार
भिंत सरळ झालीय. ओळंबा लावला, फुगवटा केसभरही नाही. नवऱ्याने पुन्हा लावून पाहिला, तेच. झाडणारी बाई दात विचकून म्हणाली, तुम्ही काढली तशी झाली. हसण्यावारी नेलं, पण उरलेलं भराभर उरकून निघायचं ठरवलं.

गुरुवार
घाई नडली. नवरा फितीचं टोक धरून पाळकांच्या खोलीत, मी बाहेर मेजापाशी. कागदावर खोलीच्या चारही भिंती काढल्या. दार दाखवायचं राहिलं. मान वर केली तर समोर कोरी भिंत, आणि फीत तिच्यातून बाहेर आलेली. तो आतून ओढतोय. जिवंत आहे! दार काढायला वाकले, तोच पाळकांनी कागद हिसकावला.

शुक्रवार
पाया पडले त्यांच्या. कागद देत नाहीत. बजावलं होतं, म्हणतात. भिंतीतलं भिंतीतच राहू दे, म्हणतात. माझा नवरा आहे तो, मेल्यांनो!

शनिवार
फीत ढिली पडलीय — नवा कागद घेतला — तीच खोली, दारासकट — चौकट वाकडी आली, असू दे —
उमटलं. समोर. कडी माझ्या बाजूला —
त्याचाच आवाज! देवा, त्याचाच. पण तो दार लोटत नाही — आतून दाबून धरलंय — ओरडतोय, उघडू नकोस, इथे मी एकटा नाही — आणि मी तर कडी केव्हाच —