प्लगला हात लावू नकोस

दादा,

बाबांना घेऊन हॉस्पिटलला निघालेय, टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवतोय. कॉम्प्युटर बंद करू नकोस! स्क्रीन गोठल्यासारखी दिसेल, पण बाबांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग अजून सेव्ह होतंय. मशीन अडलं की प्लग ओढायचा, ही तुझी सवय. आज ओढलास तर फाइल कधीच उघडणार नाही.

काल तू सेटिंग लावून तणतणत निघून गेलास. नंतर बघितलं तर चित्र आलंय, आवाजाचा पत्ता नाही. बाबांच्या बोलण्यावर स्क्रीनभर तुझे रंग झकास नाचतात, पण प्रोग्रॅममध्ये माइकच्या चौकोनापासून रेकॉर्डिंगच्या चौकोनापर्यंत तू आवाजाची वायर, ती स्क्रीनवरची रेघ, ओढलीच नव्हतीस. सकाळी मी ती जोडली आणि बाबांना पुन्हा बोलायला बसवलं. घसा धरून बसले बिचारे. ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे.

सेव्ह झालं की आधी कॉपी काढ, मग ये. तिथे येऊन भांडू नकोस.

काल त्यांनी तुझा विषयही काढला नव्हता. आज शेवटी म्हणाले, "तू जरा बाहेर जा, मला त्याच्याशी बोलायचंय."

काय बोलले, मलाही माहीत नाही.

– छोटी