डोक्याच्या बदल्यात घर

सान मार्तीनोच्या सणानंतरचा मंगळवार

आदरणीय दाजी,

तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची कंबर, ताईचा दमा आणि आपलं सरोवर, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम, म्हणजे डोकं अजून धडावर आहे. इथे तब्येतीची चौकशी एवढ्यावरच संपते.

तुमचं पत्र पोचलं. परमुलखात किती दिवस कुजणार, एखादा हद्दपार गाठ, त्याचं डोकं सरकारात जमा कर, की तुझी हद्दपारी रद्द, असं तुम्ही लिहिलंत. दाजी, बाजारातून येताना कांदे आण म्हणावं इतक्या सहज लिहिलंत. कायदा मलाही पाठ आहे हो. अडचण एवढीच, की तो इथे सगळ्यांनाच पाठ आहे.

आमची खाणावळ सीमेच्या अगदी पलीकडे, आणि इथे उतरलेले यच्चयावत लोक व्हेनिसच्या मुलखातून हाकललेले. (गुन्हे म्हणाल तर आपल्याकडच्या कुठल्याही लग्नात होतात तसलेच. कोणी कुत्र्यावरून भोसकलं, कोणी चर्चमधल्या बाकावरून. मी गल्लीत भिंतीकडची मानाची बाजू सोडली नाही आणि पोम्पेओच्या गालावर सुरी ओढली. पण तो तरी कुठे सोडत होता? आणि मी सोडली असती, तर तुम्हीच मला दारात उभं केलं नसतंत.) त्यामुळे जेवायला बसलं की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या मानेकडे बघतो, खाटकाने बघावं तसा. वाडग्यावर कोणी वाकत नाही, त्यामुळे निम्मा रस्सा दाढीत जातो. भिंतीला पाठ टेकून बसायला रोज चेंगराचेंगरी. प्रार्थनेत कोणी डोळे मिटत नाही. इतके जागरूक भक्त आयुष्यात पाहिले नाहीत, असं पाद्रीबुवा कौतुकाने सांगत असतात. न्हावीसुद्धा हद्दपारच, आणि चांगला कसबी. पण त्याच्यापुढे मान कोण तिरकी करणार? उपाशी मरतोय बिचारा.

अशा या गोतावळ्यात विश्वासाचं माणूस मला एकच मिळालं, फाउस्तीनो. आपल्याच गावचा, धक्क्यावर जाळी विणायचा तो. आम्ही दोघं एका खाटेवर पाठीला पाठ लावून झोपतो, म्हणून झोप तरी लागते. गेला महिनाभर तो तापाने पडलाय. वैद्याने हात टेकले. आणि परवा हा गृहस्थ मला म्हणाला, "लात्या, मी तसाही चाललोय. आपोआप मेलेल्याच्या डोक्याला सरकारात कोणी विचारत नाही, मारलेलाच लागतो. तेव्हा जीव आहे तोवर उरकून टाक."

"गप पड. काढा पी."

"पोम्पेओच्या वेळी मोठा मर्द झाला होतास! आता काय झालं? फुकट मिळतंय तर घेत नाही, गाढवा!"

दाजी, मी सुरी घेतली. खोटं कशाला सांगू? घेऊन बराच वेळ बसलो. त्याने आपण होऊन गळ्याचं फडकं सोडलं आणि म्हणाला, खाली पोतं अंथर, नाहीतर खाणावळवाली तुझ्या नावाने ओरडेल. तेव्हा मला रडू फुटलं आणि त्याला हसू. हसता हसता असा ठसका लागला, की सुरी टाकून त्याची पाठ चोळत बसलो.

मला नाही जमत. रागाच्या भरात मी कोणालाही कापीन, अगदी तुम्हालाही (माफी असावी), पण मायेने नाही कापता येत. मला घरी यायचंय हो, दाजी. इथल्या टेकडीवरून आपलं सरोवर दिसतं, तिथे उभा राहून मी, एवढा दाढीवाला बाप्या, हमसून हमसून रडतो. पण माझं येणं आता होत नाही. ताईला सांगा, पुष्कळ शोधलं, डोकं मिळालं नाही.

डोकं आणि धड एकत्र आहेत तोवर तुमचाच,
लात्तान्सियो

ता. क. खेचरवाला उशिरा निघतोय म्हणून लिहितो. फाउस्तीनो काल दुपारी गेला. मी पाद्रीबुवांना आणायला धावलो होतो. परत येतो तर खाटेवर नुसतं धड. वरच्या खोलीतला औरेलियो सामानासकट पसार झालाय, आता तिकडे सरकारात डोकं ठेवून तुंबळ लढाईच्या गोष्टी सांगेल. सुरी लागली तेव्हा जीव होता की नव्हता, हे मला कळलेलं नाही, आणि कळायलाही नको.

ता. ता. क. पत्राचं खरं काम हे. फाउस्तीनो आपल्या गावचा, तेव्हा डोकं आपल्याच चौकात टांगतील. तुमची वर ओळख आहे, ती वापरा आणि उतरवलं की ताब्यात घ्या. तोवर ताईला त्या बाजूने नेऊ नका. कोणी विचारलंच, तर फाउस्तीनो शेवटपर्यंत लढला असं सांगा. त्यात औरेलियोचं फावलं तर फावू दे. धड मी इथे नीट पुरलंय. डोकं त्याच्या आईशेजारी ठेवा, आणि माती लोटण्याआधी दोन शब्द बोला त्याच्याशी, गावचं काहीबाही. फार वर्षांनी घरी आलाय तो.