बोधाच्या वरची ओळ

बाई,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. परवा माझ्या वर्गात गोष्ट संपली तशी एका मुलीने पेन्सिल सरसावून विचारलं, "मॅडम, यातून बोध काय लिहायचा?" आणि मला आखातातल्या त्या शहरातलं, गुदैबिया भागातलं तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

ऐंशीच्या आसपासचे दिवस. शुक्रवारी सकाळी अब्बा मला आमच्या नईम मोहल्ल्यातून तुमच्याकडे आणून सोडत. आम्ही रत्नागिरीकडचे, तुम्ही वसईच्या. आठवडाभर हॉस्पिटलात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी तुम्ही आम्हा चार मुलींना मराठी शिकवायच्या, फुकट. तुम्ही मराठीत विचारायच्या, आम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचो. गॅसवर काहीतरी रटरटत असायचं आणि टेबलावर तुमच्या आजोबांचं ते एकोणिसाव्या शतकात छापलेलं गोष्टींचं पुस्तक. पान जोरात उलटलं तर तुटायचं. प्रत्येक गोष्टीखाली जाड अक्षरात बोध, आणि तो आम्ही पाठ करायचा. खोटं बोलणारा बुडायचा, आळशी भीक मागायचा.

एका शुक्रवारी गोष्ट होती आईबापांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीची. थंडीच्या रात्री ती तान्हं मूल घेऊन माहेरी येते, दार ठोठावते. दार उघडत नाही. सकाळी ती उंबऱ्यावर मेलेली सापडते. बोध असा, की मुलींनी वडिलांची आज्ञा मोडू नये.

"बाई, पण आईने दार का नाही उघडलं? ती आतच होती ना?"

"बोध वाच."

"वाचला. त्यात सगळी चूक मुलीचीच आहे. आईचं काहीच नाही."

"खलास!" तुम्ही पुस्तक मिटलंत. "एवढ्या शहाण्या माणसांनी विचार करून लिहिलंय. तुला जास्त कळतं?"

मग आमच्याकडे पाठ करून तुम्ही नुसतंच पातेलं ढवळत राहिलात. वर्ग तिथेच संपला. अब्बा येईपर्यंत मी जिन्यात बसून रडले. घरी अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. तुमच्या मुलीने मुंबईत परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं होतं. तिची पत्रं यायची आणि तुम्ही ती न फोडता कपाटात टाकायच्या. हे तुमच्या इमारतीतल्या बायकांपासून अम्मीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आम्हा पोरींना नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी जाणार नाही म्हणून हटून बसले. अब्बा म्हणाले, "सवाल विचारलास, शिवी नाही दिलीस. चल."

दार तुम्हीच उघडलंत. डोळे सुजलेले. मला जवळ बसवलंत आणि आधी ते पुस्तक घरात कसं आलं ते सांगितलंत. त्या काळी कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात असं लोक म्हणत. म्हणून लिहिणारे गोष्टीला बोध चिकटवून देत, लहान मुलाला गुळातून औषध द्यावं तसं. बोध बघूनच तुमच्या आजोबांनी ते विकत घेतलं होतं, आणि तुमच्या आईला वाचायला मिळालं होतं.

"पण ही ओळ बघ," तुम्ही म्हणालात आणि बोट ठेवलंत. बोधाच्या जरा वर बारीक टायपात लिहिलं होतं, की आई कडीवर हात ठेवून उजाडेपर्यंत आत उभी होती. "लहानपणापासून हे पुस्तक वाचतेय मी. ही ओळ वाचलीच नव्हती. थेट खाली बोधावर उतरायचे. लिहिणाऱ्याला तिची कीव आली होती गं. बोधात ती लिहायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहून ठेवली."

त्यानंतर तुम्ही आम्हाला बोध कधीच पाठ करायला लावला नाहीत. कोण कुठे उभं आहे, त्याला काय वाटत असेल, एवढंच विचारायच्या. आणि तेव्हा आम्ही मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागलो, कारण त्याचं उत्तर शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं.

डिसेंबरात असाच वर्ग चालू असताना खाली गाडी थांबली. तुमचे मिस्टर विमानतळावर गेले होते. बेल वाजायच्या आधीच तुम्ही पिठाच्या हातांनी दार उघडून उभ्या राहिलात. तुमची लेक चौकटीतच थांबली. तिच्या कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी होती. तुम्ही म्हणालात, "दारात का उभी आहेस? आत ये." मग बाळाला घेतलंत, आमच्या वह्या बाजूला सारून टेबलावर बसवलंत आणि आम्हाला म्हणालात, "यल्ला, चला, आज सुट्टी!" पण आम्ही कुणी उठलो नाही. बाळाच्या गालाला पीठ लागलं होतं आणि ते आमची पेन्सिल चोखत होतं.

परवा वर्गातल्या त्या मुलीला मी म्हटलं, बोध राहू दे, तुला यातलं कोण आवडलं ते लिही. तिने दोन पानं लिहिली. ती तुम्हाला दाखवावीशी वाटली.

वसईला परत गेल्यावर तुम्ही मला दोन पत्रं पाठवलीत. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. माझ्या मराठीतल्या चुकांची लाज वाटली म्हणून, असं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. खरं सांगते बाई, लाजबीज काही नव्हती. मी नुसता कंटाळा केला.