आबांचं निळं बटण

पारोळा, मंगळवार, संध्याकाळ

आज आनंद व्हायला हवा होता. आत काहीच हललं नाही.

वडिलांची, म्हणजे आबांची, वाचा गेल्यापासून ते निळं बटण दाबतात. एकदा दाबलं की संगणक माझ्या आवाजात ‘पाणी’ म्हणतो, दोनदा दाबलं की ‘चहा’. पण बटण ओळखायला संगणकात त्याच्या नावाची एक फाइल लागते, आणि लाइट जाऊन आली की ती नाहीशी होते. मग त्यांच्याजवळ बसणाऱ्या अक्कांचा धुळ्याला माझ्या ऑफिसात फोन: “ताई, लाइट गई, परत उनी, पन बटन मुकं शे.” संध्याकाळी मी येऊन हाताने ती फाइल तयार करेपर्यंत आबाही मुके.

काल त्यासाठी संगणकात एक नियम लिहिला. आता संगणक सुरू होतानाच ती फाइल आपोआप तयार होते. आज लाइट दोनदा गेली म्हणे. अक्कांचा फोन आला नाही. मी मात्र दिवसभर फोनकडे बघत होते. कशासाठी?

घरी आले तर आबांनी रोजच्यासारखी कीबोर्डसमोरची खुर्ची दाखवली. टाइप करायला काही उरलं नव्हतं. तरी बसले.

त्यांनी निळं बटण दोनदा दाबलं.

संध्याकाळचा चहा आबा घेत नाहीत. मी घेते.