पहिल्या ओळीचा रकाना

२० जानेवारी, मंगळवार

ती ओळ नाहीच!

प्रबंधाच्या पान एकसष्टवर मी लिहिलंय — फ्रान्सच्या ताब्यात असतानाच, १९२६ साली लेबनॉन प्रजासत्ताक झालं आणि त्याची घटना 'आम्ही लोक' म्हणून सुरू झाली. आज मूळ घटना उघडली. पहिलं कलम सीमांचं. शेवटाकडे स्वच्छ म्हटलंय — सत्ता वापरायची ती फ्रान्सचे हक्क राखून. 'आम्ही लोक' कुठेच नाही. माझं अख्खं तिसरं प्रकरण त्या दोन शब्दांवर उभं आहे!

प्रती परीक्षकांकडे गेल्यात. डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, अठ्ठावीसला. इथे शिकायला राहण्याचा परवाना, स्टडी परमिट, फेब्रुवारीअखेर संपतो.

२१ जानेवारी

रूममेट ऊर्मी म्हणते, "यशोधरा मॅडम, पान एकसष्टपर्यंत पोचतंय कोण? चिल कर, पोहे खा!"

तपासलं का नाही मी? सुचलंच नाही. आठव्या वर्षापर्यंत शाळेत गेले नाही, नागपूरला बाबांनीच घरी शिकवलं. त्यांची लांब वही — देश, साल, घटनेची पहिली ओळ. रोज सकाळी उभं राहून मोठ्यानं म्हणायचं. लेबनॉन, एकोणीसशे सव्वीस, आम्ही लोक! स्वतःचं नाव कुणी तपासून बघतं का?

२२ जानेवारी

माझ्या गाईडला, सामियाला, मेल लिहिलं. पाठवलं नाही.

२३ जानेवारी

बाबांना फोन केला. ती ओळ कुठून घेतलीत?

"लायब्ररीत पुस्तक नव्हतं, बेटा. रकाना रिकामा ठेववेना. आपल्या भारताच्या घटनेचीच ओळ लिहून टाकली."

"अजून किती देशांपुढे?"

"असतील दहाबारा. माझीच चूक. तसंच कळव तुझ्या मॅडमला."

रागावले मी. आणि — खरं लिहायचं तर — सुटल्यासारखंही वाटलं. मेलमध्ये एक वाक्य घातलं: चूक वडिलांच्या वहीतली आहे. पाठवलं!

२६ जानेवारी

सामियाच्या ऑफिसात गेले. ती ओरडली नाही, तेच जास्त भीतीचं. प्रकरण नव्यानं लिहायचं. डिफेन्स आता १९ फेब्रुवारीला. तुझे वडील शिक्षक होते का, तिनं विचारलं. पोस्टात होते, मी म्हटलं.

बाबांना म्हटलं, त्या पानाचा फोटो पाठवा. "राहू दे ना आता," म्हणाले. मी हट्ट धरला.

२७ जानेवारी

फोटो आला. मोठा करून पाहिला. लेबनॉनपुढे, ओळीच्या शेजारी, पेन्सिलीचा फिका वण: 'तपासणे'. अकरा देशांपुढे तोच. सगळे खोडलेले.

बाबांच्या वाढदिवसाला त्यांची वही स्वच्छ करून दिली होती मी. सहा वर्षांची होते. नवं खोडरबर होतं.

मेल तर गेलंय.