श्वासाचा हलता फोटो

ती. रंभाआक्कास, पेणहून धाकट्या सगुणेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे हायत? तुमच्या वरसे गावात भाताची लावणी उरकली असेल. इकडे सगळे खुशाल. (मी तर इतकी खुशाल की घरातले काळजीत पडलेत.)

आक्का, मी माझा श्वास पाहिला गो. त्याचं असं झालं, गणपतीच्या मूर्ती घासून घासून मला खोकला धरला, तशी कान्हूनं अट घातली, "आये, छाती दाखवल्याशिवाय कारखान्यात पाय ठेवायचा नाय." पोटचा पोर, पण कारखान्यात मालक. गेले मुकाट इस्पितळात. तिथं एक डाक्टरीणबाय (नातीच्या वयाची, वेणी मात्र झकास) श्वास घेताना फुप्फुसं कशी हलतात त्याचा अभ्यास करते. छातीचा साधा फोटो नाय, हलता काढते. मला यंत्रापुढं उभी करून म्हणाली, श्वास रोखून धरा. आता कान्हू मूर्तीचे डोळे आखायला बसला की आम्ही बायका श्वास रोखतो, आणि त्यानं कुंचला उचलल्यावरच सोडतो. हाडात मुरलेली सवय. इथं कुंचला कोण उचलणार? बाय आतून सोडा सोडा म्हणतेय, मी आपली धरून. शेवटी धावत आली नि पाठीत थापटलं. मग म्हणाली, नेहमीसारखा घ्या. नेहमी कसा घेते ते मला कुठं ठाऊक?

मी डोळे मिटले. आपली माहेरची खाडी दिसली. मिठागराच्या बांधावर बसलेय, पाणी सावकाश येतंय, सावकाश जातंय, कुणाला कसली घाई नाय. नंतर बायनं पडद्यावर दाखवलं तर तेच. दोन काळसर ढग फुगतायत, बसतायत, खालचा घुमट अलगद वरखाली होतोय, मधे काळीज लुकलुकतंय. जन्मभर एका घरात राहिलो नि तोंडओळख नाय. मी हात जोडले. परत लाव म्हटलं, परत लावलं. (बाहेर रांग खोकत होती. खोकू दे.) डावीकडचा खालचा कोपरा तेवढा कमी हलतो, जरा झोपाळू आहे.

थोरांना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे घे.
तुझी सगुणा

ता.क. कोपरा झोपाळू झाला तो धुळीनं. घासकाम कायमचं बंद, असं बायनं बजावलंय. कान्हूला अजून बोलले नाय. तो तुला मानतो, तूच फोन कर. सांग, आयेनं घासणं सोडलं, आता तोंडाला फडकं बांधून तिला रंगाकडं बसव. घरी बसवलंस तर खोकल्याआधी कंटाळ्यानंच आटपेल.

आणखी ता.क. तो मला हवापालटाला तुझ्याकडं धाडायचं म्हणेल, ऐन रंगाच्या दिवसांत. घर पाहुण्यांनी भरलंय म्हणून सांग. खोटं बोलवत नसेल तर उद्याच जावयाला बोलावून घे.