खुणेच्या खाली

सोमवार, ६
पोचले एकदाची! स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, ओल्या गोणपाटाचा वास येतो, पण मी जाम खूश आहे. इथल्या बँडचा आधीचा गायक मध्येच सोडून गेला म्हणून मला बोलावलं. डेथ मेटल, तेही जुन्या वळणाचं. मध्येच डूम मेटलसारखं मंद होऊन प्रेतयात्रेच्या चालीनं सरकणारं. लग्नात गोड गाणी म्हणून कंटाळलेली मी आता अल्बमभर गुरगुरणार! दादा म्हणाला, घसा बसला की गुपचूप घरी ये. माझा लेक चिमण्या त्याच्याकडेच आहे. संध्याकाळी फोनवर त्याला वाघाचा आवाज काढून दाखवला. पठ्ठ्या खिदळत होता.

मंगळवार, ७
रेकॉर्डिंग करणारे मास्तर सगळं फितीवर करतात, कॉम्प्युटरला शिवतही नाहीत. गाताना फीत जलद फिरवायची, ऐकवताना संथ. आवाज आपोआप खोल जातो. वेगाच्या बटणापाशी लाल रंगाची खूण आहे. तिच्याखाली उतरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. कारण विचारलं तर म्हणाले, मशीन म्हातारं आहे. मशीन की मास्तर, असं अगदी ओठांवर आलं होतं.

गुरुवार, ९
मास्तर जेवायला गेले होते. गिटारवाला लंबू म्हणाला, आवाज अजून दुधखुळाच वाटतो. माझं डोकंच सणकलं. खुणेच्या पार खाली उतरवली फीत. काय आवाज लागला! ड्रम वाजवणारा ढोल्या आ वासून बघत राहिला. मग हेडफोनमध्ये माझ्या आवाजाखाली आणखी एक आवाज आला, हाक मारल्यासारखा. सूर ऐकला की साथ द्यायची, ही आम्हा गाणाऱ्यांची खोड. मी खर्जात ओ दिली. ओळ झकास बसली.

शुक्रवार, १०
घसा ठणठणीत आहे, पण आवाज खालीच राहिलाय. चहा मागितला तर चहावाला दचकला. फोनवर चिमण्या रडायला लागला, मला माझी आई दे म्हणाला.
फितीतला तो खालचा आवाज मात्र वर सरकलाय. मशीनला कुणी हात लावलेला नाही.

रविवार, १२
मास्तरांना खरं सांगितलं. आधीच्या गायकानंही ओ दिली होती म्हणे. तो सोडून गेला नाही. घरी आहे, दिवसभर बोलतो, आणि कुणाला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला पकडता येणार नाही इतका खाली गेलाय त्याचा आवाज.
मी भांडले, तोंडाला येईल ते बोलले. शेवटची शिवी माझी मलाच ऐकू आली नाही. टेबलावरचे कप तेवढे थरथरले.
भीती वाटतेय. फार.

सोमवार, १३
दादाचा मेसेज. काल संध्याकाळी चिमण्याशी किती छान बोललीस, अगदी पहिल्यासारखी.
मी फोन केलाच नव्हता.
मी कळवलं, ती मी नाही. तो म्हणतो, चेष्टा पुरे, आत्ताच तर बोललीस. तूच बोलावलंस ना त्याला? उद्या घेऊन येतो.
येऊ नका, येऊ नका, लिहून लिहून बोटं दुखली. त्याला अजून चेष्टाच—

मंगळवार, १४
मास्तर म्हणतात, एकच उपाय. त्याच फितीवर, त्याच जागी, मी पुन्हा गायचं. मग पहिलं पुसलं जाईल. गाण्याच्या खोलीत आले. बाहेरून कडी घातली त्यांनी. काचेपलीकडे माझ्याकडे पाठ करून मशीनशी बसलेत, कानांवर हेडफोन.
मी गाते आहे. नुसती काच थरथरतेय.

दादा आला. चिमण्यालाही घेऊन. दादा पायऱ्यांवरच थांबलाय, फोनवर. चिमण्या काचेपलीकडे, मास्तरांच्या खोलीत—
स्पीकरपाशी गेला.

स्पीकरमधून आणि माझ्या हेडफोनमधून तोच आवाज. माझाच. जसाच्या तसा माझा. त्याला लाडानं हाक मारतोय.
मी ओरडले. काच हलली. त्याला गंमत वाटली, मला हात केला—
मास्तर वळत नाहीत

मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावलं: गप्प राहा. ओ देऊ नकोस.
बघतोय. हसतोय. अरे देवा, त्याला वाचता कुठे येतं अजून

पुन्हा हाक—

ओ दिली त्यानं. हेडफोनमध्ये आली. माझ्या चिमण्याची ओ, एवढी जाड, खाली, अजून खा